पीसीओएसमध्ये प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ का? (थायरॉइड, सीआरपी, गुळवेल वगैरे)

पारिजातक | सोमवार, रात्री १०:१२

दिवाळीला धाकटी बहीण पुण्याहून घरी आली. तिची सॅक रिकामी करताना पाच डब्या निघाल्या: गुळवेलाच्या गोळ्या, अश्वगंधा, ‘इम्युनिटी’चा कसलासा अर्क, केसांसाठी बायोटिन आणि चघळायचं व्हिटॅमिन सी. वय २२. पाळी तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस येतात, ते ती हॉस्टेलच्या खिडकीत उजेडाला आरसा धरून प्लकरने उपटते. मानेच्या मागे काळपट पट्टा आहे. आई तो वर्षानुवर्षं मळ समजून डाळीच्या पिठाने घासत होती.

पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा आजार, यालाच लोक पीसीओडीही म्हणतात) आहे हे आम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं. त्यात तिला सारखी सर्दी व्हायची. मग मैत्रिणींनी, रील्सनी आणि औषधाच्या दुकानातल्या दादांनी सांगितलं की पीसीओडीत प्रतिकारशक्ती कमी होते, ती वाढव. म्हणून हा पाच डब्यांचा संसार. चार महिने रोज.

सुट्टीत ती अकरा-अकरापर्यंत झोपून होती. फराळाचं ताट समोर आलं की तोंड फिरवायची. तिला, जिला चकली तळणीतून बाहेर पडेपर्यंत धीर नसतो. डॉक्टरांकडे नेलं, तर एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचं दाखवणारा रक्तातला आकडा, २१२ (लॅबची वरची मर्यादा ४०). डॉक्टरांनी सगळ्या डब्या टेबलावर मांडायला लावल्या आणि तिथल्या तिथे बंद करायला सांगितल्या. सहा आठवड्यांनी एसजीपीटी ३८ वर आलं. आम्हाला वेळेत कळलं, एवढंच म्हणते.

थायरॉइडची गोष्ट वेगळीच निघाली. पहिल्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड मंद झालं की वाढणारं संप्रेरक) ५.१ होता. डॉक्टर म्हणाले, बायोटिन घेत असाल तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आठवडाभराने पुन्हा करा. पुन्हा केला तर ११.४. अँटी-टीपीओ अँटिबॉडी मर्यादेच्या कितीतरी वर. म्हणजे तिची प्रतिकारयंत्रणा तिच्याच थायरॉइड ग्रंथीवर चालून जात होती आणि आम्ही त्या यंत्रणेला आणखी खतपाणी घालायच्या खटपटीत होतो.

तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. जे समजलं ते माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर जाणकारांनी हक्काने दुरुस्त करावं.

पीसीओएसमध्ये प्रतिकारशक्ती दुबळी असते असं म्हणण्यापेक्षा ती सतत अर्धवट जागी असते, असं म्हणणं खऱ्याच्या जवळ जातं. चूल विझवून झोपलो तरी राखेखाली निखारे राहतात ना, तसा मंद दाह. रक्तात तो मोजायची एक खूण म्हणजे सीआरपी नावाचं प्रथिन. २००१ साली ग्लासगोच्या संशोधकांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रथिन वाढलेलं असल्याचं दाखवलं. तो अभ्यास अगदी छोटा होता. पण २०११ मध्ये स्पेनमधल्या गटाने तोवरचे ३१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही इतर स्त्रियांच्या तुलनेत सीआरपी सरासरी ९६ टक्के जास्त निघालं. वजनाचा फरक बाजूला काढल्यावरही वाढ टिकून होती. वजन जास्त म्हणून दाह जास्त, एवढ्यावर विषय संपत नाही.

दुसरी गोष्ट थायरॉइडची. २००४ साली जर्मनीतल्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या १७५ जणी आणि नसलेल्या १६८ जणी घेतल्या होत्या. थायरॉइडविरुद्ध अँटिबॉडी वगैरे खुणा पहिल्या गटात २६.९ टक्के जणींत मिळाल्या, दुसऱ्या गटात ८.३ टक्के जणींत. तिपटीहून जास्त. हे वाचलं तेव्हा मी रात्री बहिणीला फोन केला होता, काही कारण नसताना.

मला विचारायचंय ते हे: तुमच्यापैकी किती जणींना पीसीओएसचं निदान झालं तेव्हा कुणी अँटी-टीपीओ करायला सांगितलं होतं? आणि ‘इम्युनिटी वाढवा’ असं किती जणींना सांगितलं गेलं?

---

मृद्गंध | सोमवार, रात्री १०:४७

वाचून अंगावर काटा आला. बहीण आता बरी आहे ना?

माझं निदान १९ व्या वर्षी झालं, आता ३३. टीएसएच केला होता, अँटिबॉडी नाही. ‘इम्युनिटी’चं म्हणाल तर लॉकडाउनमध्ये आमच्या घरी रोज सकाळी काढा उकळायचा. सासूबाई मला एक पेला जास्तीचा द्यायच्या, ‘तुला तो त्रास आहे ना’ म्हणून. प्रेमानेच द्यायच्या.

---

गोदातीर | मंगळवार, सकाळी ७:३०

माझी लेक १६ वर्षांची आहे. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली, दीड-दोन महिन्यांनी येते. मागच्या महिन्यात पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये ‘दोन्ही अंडाशयांत अनेक गाठी, पीसीओडी’ असं लिहिलंय. तेव्हापासून ती गप्प गप्प आहे. तिने स्वतःच कुठेतरी वाचलं की मूल होत नाही. काल मला विचारलं, “आई, माझ्या अंगात गाठी आहेत का गं?” काय सांगू तिला? आणि तुम्ही लिहिलेल्या तपासण्या तिच्याही करायच्या का?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ३:०५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कऱ्हाड परिसरात वीस-एक वर्षं काम करते. इथे सहसा फक्त वाचते, पण गोदातीर यांच्या लेकीसाठी लिहिते आहे.

तिला आधी हे सांगा: त्या गाठी नाहीत. ते बीजकोश आहेत, प्रत्येकीच्या अंडाशयात असतात, आणि तिच्या वयात ते भरपूर असणं नैसर्गिक आहे. पीसीओएसमध्ये काय होतं, तर दर महिन्याला एक बीज पूर्ण वाढून बाहेर पडायला हवं, त्याऐवजी बरेच बीजकोश काही मिलिमीटरपर्यंत वाढून थांबतात. सोनोग्राफीत ते काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी हा आजार मांडला तेव्हा नजर अंडाशयावर होती, म्हणून नावात ‘सिस्ट’ आलं. त्या एका शब्दाने किती मुलींची झोप उडवली असेल याला गणती नाही.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साफ म्हटलंय की पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरायची नाही. त्या वयात दोन्ही गोष्टी हव्यात: अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा, म्हणजे हनुवटी, छाती, पोटावर राठ केस, जाड मुरुमं किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. एकच असेल तर ‘पुढे होण्याची शक्यता’ एवढं म्हणायचं आणि लक्ष ठेवायचं. मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी या दोन आणि सोनोग्राफीतले बीजकोश अशा तीनपैकी दोन गोष्टी लागतात, हे २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं. निकष बदलला की आकडा किती बदलतो पाहा: मुंबईतल्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली होती. रॉटरडॅमच्या निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, दुसऱ्या कडक निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं होईपर्यंत ती २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने आली तर चालतं, त्यानंतर २१ ते ३५ दिवस. तुमच्या लेकीसारखी दीड-दोन महिन्यांनी येत असेल तर तपासायला हवं. तिचा टीएसएच आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक, ते वाढलं तरी पाळी लांबते) जरूर करा. थायरॉइड मंद असलं तर नुसत्या त्याने पाळी लांबते आणि अंडाशयही मोठी दिसतात. माझ्याकडे अशा मुली येतात ज्यांना ‘पीसीओडी’ म्हणून वर्षभर गोळ्या दिल्या गेल्या, आणि मूळ दुखणं थायरॉइडचं निघालं.

आणि मूल होत नाही हे साफ खोटं आहे. पीसीओएस असलेल्या बहुतेक जणींना मूल होतं, काहींना मदत लागते. हे तिला आजच सांगा.

---

गोदातीर | मंगळवार, रात्री ९:१५

डॉक्टर, तिला तुमचा प्रतिसाद मोबाइलवर वाचायला दिला. दोनदा वाचला. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “उद्या डब्यात थालीपीठ दे.” महिन्याभरात तिने डब्याबद्दल काही मागितलं नव्हतं. मनापासून आभार.

---

मांडवी | मंगळवार, रात्री १०:३०

धागा वाचनखुणेत ठेवलाय. म्हणजे पीसीओएस हा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा, आजार झाला का? माझी आते हाशिमोटोची (थायरॉइडवर हल्ला करणारा तसलाच आजार) रुग्ण आहे, मावसबहिणीला कोड आहे, मला पीसीओएस. घरात हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं आहे असं मला नेहमी वाटत आलंय.

---

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी २:४०

मांडवी, पीसीओएसला ऑटोइम्यून आजार म्हणत नाहीत. अंडाशयाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधण्याचे प्रयत्न झाले, पण त्यातून एकसारखं चित्र निघालं नाही. थायरॉइडशी असलेलं नातं मात्र वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

कारण काय असावं, यावर एक तर्क आहे, तो समजण्यासारखा आहे. इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं संप्रेरक प्रतिकारयंत्रणेला, विशेषतः अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींना, चेतवतं. ऑटोइम्यून आजार बायकांत जास्त दिसतात त्यामागचं हे एक कारण मानतात. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक तिला शांत करतं. गर्भ अर्धा बापाचा असतो, तरी आईचं शरीर तो बाहेर फेकत नाही, त्यात प्रोजेस्टेरॉनचा मोठा हात आहे. आता हे प्रोजेस्टेरॉन तयार कुठे होतं? बीज बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या कोशात. बीजच बाहेर पडलं नाही तर तो कोश तयार होत नाही आणि प्रोजेस्टेरॉनही नाही. महिनोन्‌महिने इस्ट्रोजेन एकटंच राहतं, त्याला लगाम घालणारं कुणी नसतं. उलट पुरुषी संप्रेरकं प्रतिकारयंत्रणेला साधारणपणे दाबतात आणि पीसीओएसमध्ये तीही वाढलेली असतात. त्यामुळे हिशेब सरळ नाही, म्हणूनच हा तर्क आहे, सिद्ध झालेली साखळी नाही.

प्रोजेस्टेरॉन नसल्याचा दुसरा परिणाम मात्र पक्का आहे. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, तीन महिने पाळी आली नाही तर ‘बरंय, कटकट नाही’ म्हणून बसू नका. गोळी देऊन ती आणावी लागते. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

---

मृद्गंध | बुधवार, सायंकाळी ६:२०

माझं वजन ४६ किलो. आजवर तीन ठिकाणी ऐकलं, “तू तर काडी आहेस, तुला कसला पीसीओडी?” एका दवाखान्यात तर माझी साखर तपासायलाच नकार दिला, वजन बघून. पुढच्या वर्षी स्वतःच्या पैशाने ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी केली, साखर १६८ आली. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटी मात्र ९१ होती, अगदी छान. त्या ९१ वर विसंबून राहिले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

---

पारिजातक | बुधवार, रात्री ११:०२

मृद्गंध, तुझ्यासाठी एक गोष्ट शोधून ठेवली आहे, आणि ती आपल्या पुण्यातली आहे.

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३, अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आत चरबी, ही आपल्याकडची ठेवण याज्ञिकांनी जगाला दाखवून दिली. आपल्याकडे बाळं जन्मतःच अशी असतात हेही त्यांनीच पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या अभ्यासातून दाखवलं.

दाहाशी याचा संबंध असा, की पोटातली चरबी नुसती साठवण नसते. चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशी, मॅक्रोफेज, जमा होतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. त्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी संप्रेरक करायला लावतं, आणि पुढे बीज अडकतं. मानेवरचा काळा पट्टाही त्याच जास्तीच्या इन्सुलिनची खूण. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “किती घासली मी तिची मान. रडायची.”

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. आपल्या भागातल्या बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. टेप बेंबीच्या वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून.

---

औदुंबर | गुरुवार, सकाळी ८:५५

धागा चांगला चाललाय, पण एक खटकलं ते नम्रपणे मांडतो. गुळवेल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते. माझी आजी तापात अंगणातल्या वेलीचा काढा द्यायची, कुणाच्या यकृताला काही झालं नाही. गुळवेलामुळे यकृताला इजा झाल्याचा मुंबईच्या डॉक्टरांचा लेख आला तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलं नव्हतं, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. एका अनुभवावरून सगळं आयुर्वेद मोडीत काढू नये ही विनंती.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी ३:३०

औदुंबर, आक्षेप रास्त होता आणि तुम्ही तो नीट मांडलात. पुढे काय झालं ते सांगते.

मुंबईच्या लेखात ६ रुग्ण होते, २०२० च्या शेवटच्या महिन्यांतले. त्यानंतर २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. काहींच्या यकृताचा तुकडा तपासला तेव्हा प्रतिकारयंत्रणाच यकृतावर हल्ला करते आहे असं चित्र दिसलं. बऱ्याच जणांना आधीपासून मधुमेह, थायरॉइड असे आजार होते.

तुमच्या आजींचा काढा आणि ही चार-चार महिने रोजची गोळी यांत फरक आहे. आजी तापात तीन दिवस द्यायच्या, घरच्या वेलीचा, समोर बसून, आणि ताप उतरला की बंद. वैद्यही मात्रा आणि मुदत ठरवूनच देतात. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्यांच्या घरात थायरॉइड, कोड, संधिवात, लहान वयातला मधुमेह आहे किंवा ज्यांच्या अँटिबॉडी वाढलेल्या आहेत, त्यांनी प्रतिकारयंत्रणा चेतवणारं काहीही स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये. यात गुळवेल आली, तशाच दुकानातल्या इंग्रजी नावांच्या डब्याही आल्या.

---

औदुंबर | गुरुवार, सायंकाळी ७:१०

मुदतीचा मुद्दा पटला. माझ्या बायकोला थायरॉइड आहे आणि ती वर्षभर गुळवेलाचा रस घेते आहे. उद्या एसजीपीटी करून घेतो.

---

शेवंती | गुरुवार, रात्री ११:४०

मी बर्मिंगहॅमला राहते, मूळची सांगलीची. इथल्याच विद्यापीठातला एक अभ्यास सांगते, कारण मला त्याने हलवलं होतं. पहिल्या लाटेत, जानेवारी ते जुलै २०२०, ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदींतून पीसीओएस असलेल्या २१,२९२ आणि नसलेल्या ७८,३१० स्त्रियांची तुलना केली. कोविड झाल्याचं प्रमाण पीसीओएस गटात ५१ टक्क्यांनी जास्त निघालं. वय, वजन, साखर वगैरेचा हिशेब वजा केल्यावर ते २८ टक्क्यांवर आलं, पण शून्य झालं नाही.

तेव्हा मी एकटी घरात बंद होते आणि पीसीओएसमुळे मी ‘कमकुवत’ आहे या कल्पनेने हातपाय गळाले होते. आता पारिजातकचं वाचून नीट लागतंय. संसर्ग जास्त होणं आणि दाह जास्त असणं या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींचं कामही बिघडतं. यंत्रणा जागी असते पण नेमकी नसते.

एक बारीक गोष्ट: हिरड्यांतून रक्त येतं का पाहा. पीसीओएसमध्ये हिरड्यांचा दाह जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. माझ्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, “पाळी नियमित येते का?” दातांच्या डॉक्टरांनी हे विचारावं याचं तेव्हा फार नवल वाटलं होतं.

---

रातराणी७ | शुक्रवार, पहाटे ४:१५

रात्रपाळीवर आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते. मी नर्स आहे, पीसीओएस दहा वर्षं. सगळ्यात जास्त फरक मला झोपेने पडला. महिन्यात पंधरा रात्रपाळ्या होत्या तेव्हा पाळी पाच महिने आली नव्हती. सिस्टरांशी भांडून रात्रपाळ्या कमी करून घेतल्या.

दुसरी गोष्ट मेटफॉर्मिन (साखरेचं औषध, पीसीओएसमध्येही देतात) घेणाऱ्यांसाठी. मला पायाला मुंग्या यायच्या, जीभ लाल व्हायची. सगळे म्हणायचे थकवा आहे. बी१२ केलं तर १२०. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, आणि आम्ही शाकाहारी. दरवर्षी तपासा. पीसीओएसच्या नावावर प्रत्येक दुखणं खपवू नका.

---

मृद्गंध | शुक्रवार, दुपारी १:२५

रातराणी, काळजी घे. खाण्यापिण्याचं कुणी सांगेल का? मला कुणी दूध बंद कर म्हणतं, कुणी गहू. आता खायचं काय हाच प्रश्न पडलाय.

---

पारिजातक | शुक्रवार, रात्री १०:२०

मृद्गंध, यावर मी पुष्कळ वाचलं आणि घरात करूनही पाहिलं. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अमुकच आहार पीसीओएससाठी चांगला असं म्हटलेलं नाही. जो जमेल आणि टिकेल तो. गव्हाची किंवा दुधाची तुला खरोखर तक्रार नसेल तर बंद करायचं कारण नाही.

साखरेचं मात्र मनात बसलं. अमेरिकेतल्या डॉ. फ्रँक गोन्झालेझ यांच्या गटाने पीसीओएस असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं आणि त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या. पीसीओएस असलेल्यांच्या पेशी ग्लुकोज पिताच जास्त भडकल्या, बारीक स्त्रियांच्यासुद्धा. म्हणजे गोड पेयाचा एक ग्लास हा नुसता कॅलरीचा प्रश्न नाही, त्या ग्लासाला प्रतिकारयंत्रणा उत्तर देते. हे वाचल्यावर बहिणीने कॉलेजच्या कँटीनमधली कोल्ड कॉफी स्वतःहून सोडली. मी सांगून दोन वर्षांत सोडली नव्हती.

घरात आम्ही एवढंच केलं: रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, ताटात उसळ आधी आणि भरपूर, आणि जेवल्यावर शतपावली. शतपावली म्हणजे खरंच शंभर पावलं नव्हे, वीस मिनिटं. जेवल्यावर स्नायू हलले की ते रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही. आई, मी आणि ती, तिघी सोसायटीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत फेऱ्या मारायचो. ती पुण्याला गेली तरी आईच्या फेऱ्या चालू आहेत, फोन कानाला लावून, पलीकडे बहीण हॉस्टेलच्या गच्चीवर चालत असते.

---

मांडवी | शनिवार, सकाळी ९:००

एक शंका. मी परवा हौसेने एचएस-सीआरपी, म्हणजे सीआरपी बारकाईने मोजायची तपासणी, करून आले, ८.६ आलं. घाबरले आहे.

---

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १२:१०

मांडवी, सर्दी, खोकला, दाढदुखी, लघवीची जळजळ, गेल्या दोन आठवड्यांत काही होतं का? साध्या सर्दीनेही तो आकडा उडी मारतो. पीसीओएसच्या निदानासाठी किंवा उपचारासाठी सीआरपी करायची गरज नसते. पारिजातकने सांगितलेले अभ्यास गटांच्या सरासरीचे आहेत. त्यावरून एकट्या व्यक्तीचा निवाडा होत नाही. बरं वाटल्यावर महिन्याने परत करा, तोवर झोप उडवू नका.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते टीएसएच, घरात थायरॉइड असल्यामुळे तुमच्या बाबतीत अँटी-टीपीओ, ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यावर करा. अँटिबॉडी असल्या आणि टीएसएच चांगला असला तर औषध लागत नाही, वर्षाने पुन्हा बघायचं. दिवस राहायचा विचार असेल तर मात्र आधी येऊन भेटायचं. आणि मन कसं आहे हेही डॉक्टरांना सांगा. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त असते, ते विचारणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. सगळेच विचारत नाहीत हे मला ठाऊक आहे.

---

मांडवी | शनिवार, दुपारी १२:४५

मागच्या आठवड्यात अक्कलदाढ सुजली होती! डॉक्टर, देव बरें करूं.

---

औदुंबर | शनिवार, रात्री ८:३०

बायकोचा एसजीपीटी ९४. रस बंद केला. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिच्या फाइलमध्ये २०१९ चा अँटी-टीपीओचा रिपोर्ट सापडला, वाढलेलाच होता. आम्हा दोघांनाही तेव्हा त्याचा अर्थ कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:०५

औदुंबर, बरं केलंत. जाताना रसाची बाटली, लेबलासकट, सोबत न्या. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, उलट्या झाल्या तर सोमवारची वाट पाहू नका.

---

पारिजातक | रविवार, सकाळी १०:५०

औदुंबर, वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि सोमवारी काय झालं ते इथे नक्की लिहा. वाट पाहते.

मृद्गंधने पहिल्याच दिवशी बहिणीबद्दल विचारलं होतं, उत्तर राहून गेलं. थायरॉइडची गोळी सुरू आहे, सकाळी अनशापोटी, त्यानंतर तासभर चहा नाही. आमच्या घरात तासभर चहाशिवाय राहणं म्हणजे उपासच, म्हणून ती गोळी उशाशी ठेवते, साडेपाचच्या गजराला घेते आणि परत झोपते. काल टीएसएच ३.२ आला. पाळी ४४ व्या दिवशी आली. तिने पहाटे मेसेज केला, फक्त तारीख, पुढे काही नाही. मी तो आईला दाखवला. आई चष्मा लावून कॅलेंडरपाशी गेली आणि दुधाच्या हिशेबाशेजारी तिने त्या तारखेला बारीक गोल केला.